एकोणिसावं पॅनेल

१

मंगळवार, दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटं. गावाबाहेरच्या औद्योगिक वसाहतीतला एक कारखाना. इथे आयुष्य संपलेली सौर पॅनेलं येतात आणि त्यांची काच, तांबं, ॲल्युमिनियम वेगळं होऊन बाहेर पडतं. कारखान्याच्या मागच्या आवारात सिमेंटच्या जमिनीवर एकोणीस पॅनेलं एका रांगेत, काच वर करून ठेवलेली. आकाश निरभ्र. आवारात एकच बाई, वय सेहेचाळीस, काम मीटर लावून पॅनेल तपासण्याचं. बाकीची चौतीस माणसं पुढच्या अंगणात, मांडवात, खुर्च्यांवर बसलेली. भाषण चालू.

बाई एक वाजून पाच मिनिटांनी सापडली. एकोणिसाव्या पॅनेलवर पालथी पडलेली. हातातल्या मीटरने नोंदवलेला शेवटचा आकडा बारा चाळीसचा होता, त्यावरून वेळ ठरली.

चौकशीचा अहवाल तीन पानी आहे. 'विजेच्या तीव्र धक्क्याने जागीच मृत्यू' हे पहिल्या पानावर. दुसऱ्या पानावर सगळ्यांचे जबाब. तिसऱ्या पानावर घटनास्थळी मिळालेल्या वस्तूंची यादी: मीटर एक. रबरी हातमोजे एक जोडी. चष्मा एक, तडकलेला. तपासणीच्या खोलीतला बोर्ड, बटण बंद. चपला एक जोडी.

एकतीस वर्षं वार्ताहर म्हणून काढली आहेत. असे अहवाल शेकड्यांनी वाचले, त्यांतली भोकं शोधून काढली, आणि ती भोकं पाडणाऱ्यांशी भांडले. हाही वाचला. व्याकरणाच्या अकरा चुका लाल पेनाने दुरुस्त केल्या, कारण रागाने दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं.

ती बाई माझी धाकटी बहीण.

२

कारखान्यात तिला मीटरबाई म्हणायचे. आमच्या घरात ती धाकटीच. लग्न केलं नाही, आईजवळ राहिली, आणि पंधरा वर्षं एका दुकानात रेडिओ-पंखे दुरुस्त केल्यावर या कारखान्यात लागली.

तिचं काम सांगायला सोपं आहे. तपासणीची खोली आवाराला लागून. खोलीच्या भिंतीवर लाकडी बोर्ड, बोर्डावर एक छोटा बल्ब, त्याचं बटण आणि खाली दोन सॉकेट. बल्बाच्या दोन लांब वायरी खिडकीतून बाहेर आवारात जातात. वायरींच्या टोकांना चिमटे. ते चिमटे पॅनेलला लावायचे, मीटरचा आकडा लिहायचा, आणि खिडकीतून बल्बाकडे बघायचं. बल्ब लागला तर पॅनेलमध्ये जीव आहे, नाही लागला तर मोडायला पाठवायचं.

एकदा मला तिने मुद्दाम बोलावून घेतलं आणि खोलीत बल्बासमोर उभं केलं. आपण बाहेर जाऊन पॅनेलशी बसली आणि काचेवरून तळहात फिरवला. सावली पडली की बल्ब मंदावायचा, हात काढला की पुन्हा लागायचा. दोनदा झटपट, एकदा लांब. मग खिडकीतून डोकं आत घालून म्हणाली, "बघ ताई. छतावरून मेलं म्हणून काढून टाकलंय, आणि अजून डोळा मिचकावतंय."

हा तिचा रोजचा खेळ होता. खोलीत कोणी आलेलं दिसलं की बाहेरून बल्बाचा डोळा मिचकावायचा. दोनदा झटपट, एकदा लांब. लोक हसायचे.

त्या दिवशी तिने मला बोलावलं होतं ते खेळ दाखवायला नाही. येणाऱ्या पॅनेलांपैकी निम्म्यांना निवांत दहा वर्षं तरी काम करता येईल, आणि त्यांच्यावर लाल फुली मारून कारखाना ती सरसकट मोडतो, असं तिचं म्हणणं होतं. लाल फुली म्हणजे मेलं. आणि मेलं म्हटलं की माणसं ते मेल्यासारखं हाताळतात, कोणी काळजी घेत नाही. कधीतरी कोणीतरी जाईल यात, ताई, तू लिही.

मी म्हणाले, यात बातमी कुठाय? कोणी गेलं की लिहिते.

थट्टेत म्हणाले होते. पण शब्द हेच होते.

३

पॅनेलला बटण नसतं. हे मला तिच्यामुळे कळलं. उजेड दिसला की ते काम करतं, मग ते छतावर असो, ट्रकमध्ये असो, की भंगाराच्या ढिगाऱ्यात. त्याला थांबवायचा एकच उपाय, तोंड झाकणं. म्हणून नियम असा की आवारात उतरवलेल्या पॅनेलांवर काळी ताडपत्री हवी, आणि तपासणारीने एका वेळी एकच उघडायचं.

दुसरा नियम कोणी लिहिलेला नव्हता, ती सवय होती. गाडीत भरताना पॅनेलांच्या वायरी लोंबतात, पायात येतात. म्हणून हमाल एका पॅनेलची पिन शेजारच्या पॅनेलमध्ये खोचून टाकतात. दिसायला नीटनेटकं. झाकलेलं असेल तोवर बिघडतही नाही. पण उन्हात उघडी पडली की प्रत्येकाची चाळीसेक व्होल्टची ताकद एकमेकांत मिळत जाते. एकोणीस पॅनेलं म्हणजे सातशेच्या पुढे.

त्या दिवशी ताडपत्री नव्हती. कारखान्यात एक लाखावं पॅनेल मोडलं जाणार होतं, त्याचा समारंभ होता. मांडवावर फलक होता, 'कचऱ्याला दुसरा जन्म'. मांडवाचं कापड कमी पडलं, शेवटच्या दोन रांगांवर ऊन यायला लागलं. कोणीतरी मागून ताडपत्री काढून आणली. पाहुण्यांना ऊन लागू नये म्हणून.

धाकटी समारंभाला गेली नाही. संध्याकाळच्या आत तेवढी एकोणीस संपवायची होती. पॅनेलांवर लाल फुल्या होत्या, तरी तिने त्या मानल्या नाहीत, चिमटे लावलेच. फक्त ती एकमेकांत खोचलेली आहेत हे तिला दिसलं नाही. एकोणिसावं सरकवायला गेली आणि हात दोन्ही टोकांना लागला.

समारंभाचं चित्रीकरण माझ्याकडे आहे. कारखान्यानेच मोठ्या अभिमानाने पाठवलं होतं, बातमीसाठी. बारा चाळीसला प्रमुख पाहुणे टाकाऊतून नवजीवन या विषयावर बोलत होते. मध्ये माईक बंद पडला. तेव्हा त्यांनी हात पसरून काहीतरी विनोद केला, पुढच्या रांगा हसल्या. मग माईकने किंचाळी मारली आणि पुन्हा नवजीवन सुरू झालं.

४

आई एक्याऐंशीची. धाकटी गेल्यापासून मी तिच्याकडेच राहायला आले आहे. ती रडत नाही. दिवसभर धाकटीच्या कपाटातले कपडे काढते, झटकते, पुन्हा घड्या घालून ठेवते. आणि रोज, जेवायला बसलं की, भाताचा घास हातात धरून एकच विचारते.

"तिला कळलं तरी नसेल ना गं?"

मी सांगते, नाही आई. जागीच गेली. डॉक्टरांनी लिहून दिलंय.

मग ती घास तोंडात घालते. मी नाही म्हटल्याशिवाय घालत नाही. चार दिवस कामासाठी बाहेरगावी होते तेव्हा फोन करून रोज एवढंच विचारायची, आणि मी उत्तर दिलं की फोन ठेवायची. शेजारीण सांगते, त्या चार दिवसांत तू फोन उचलेपर्यंत ताट तसंच असायचं.

माझ्या एका वाक्यावर माझी आई जेवते. हे ध्यानात ठेवून पुढचं वाचावं.

५

दोन महिन्यांनी कारखान्यातून निरोप आला, तिच्या वस्तू घेऊन जा. मी सकाळी अकराला गेले. आठवडाभर आभाळ भरून राहिलेलं, उन्हाचा मागमूस नाही. मुकादम फाटकाशी उभा होता. साठीचा, खांदे पडलेला, पायांकडे बघून बोलणारा माणूस. धाकटी त्याच्याबद्दल नेहमी चांगलं बोलायची, डब्यातलं अर्धं मला देतो म्हणायची.

तपासणीची खोली बंद होती. निरीक्षकांनी सगळं जसं होतं तसं ठेवायला सांगितलंय, प्रयोगशाळेची माणसं येणार आहेत, असं मुकादम म्हणाला. दोन महिन्यांत कोणी आलेलं नव्हतं. खिडकीला आतून पत्रा ठोकलेला. एकोणिसावं पॅनेल आत आणून भिंतीशी टेकवलेलं, काळ्या ताडपत्रीत गुंडाळून दोरीने बांधलेलं. ताडपत्री तीच, मांडवावरची. तिच्या काठाला फुलांच्या माळेचा दोरा अजून होता. ताडपत्रीच्या घडीतून दोन वायरी निघून बोर्डाकडे गेल्या होत्या. चिमटेसुद्धा सोडवलेले नव्हते. बोर्डाच्या खालच्या सॉकेटमध्ये मांडवातल्या माईकची लांब वायर तशीच खोचलेली, तिचं भेंडोळं जमिनीवर.

मुकादम दाराबाहेरच थांबला. आत अंधार होता म्हणून मी भिंतीवर चाचपलं, बटण लागलं, दाबलं.

टेबल दिसलं, खुर्ची दिसली. खुर्चीच्या पाठीवर तिचा स्वेटर. टेबलावर तडकलेला चष्मा, पाकिटात. मी पिशवीत एकेक भरायला लागले. तिची पाण्याची बाटली अर्धी भरलेली होती. ती ओतून टाकायची की तशीच न्यायची, याचा मी बराच वेळ विचार केला. तशीच घेतली.

मग मुकादमाला म्हटलं, दिवा फार लहान आहे हो, मोठा लावा.

तो म्हणाला, "या खोलीची लाईन कापलीय, मॅडम. दोन महिने झाले."

मी वर बघितलं. छताच्या दिव्याला बल्बच नव्हता. मी दाबलं होतं ते बोर्डावरचं बटण. लागला होता तो तपासणीचा बल्ब. लख्ख लागला होता, भर दुपारचं ऊन पॅनेलवर पडलं असावं तसा. आणि पॅनेल माझ्यासमोर ताडपत्रीत बांधलेलं होतं, दोरीच्या गाठीवर निरीक्षकांच्या सहीचा कागद चिकटवलेला.

मी म्हटलं, मग हा कशावर चाललाय?

मुकादम आत आला. माझ्या मागून हात लांब करून, बोर्डाकडे न बघता, त्याने बटण बंद केलं. ज्याला जागा पाठ असते तोच असं करतो.

"चला," तो म्हणाला. "इथे फार थांबू नये."

६

एकतीस वर्षांत मी भुताची एक बातमी लिहिली, ती भूत नसल्याची. त्यामुळे घरी येऊन मी तेच केलं जे कोणाही शहाण्या माणसाने केलं असतं. कागद घेतला आणि शक्यता लिहिल्या. खिडकीच्या पत्र्यातून उजेड येत असेल. वायर दुसरीकडून जोडलेली असेल. मुकादम खोटं बोलत असेल, लाईन चालूच असेल. मी गेले दोन महिने नीट झोपलेली नाही, ही चौथी शक्यता. तीही लिहिली.

आमच्या कचेरीतल्या वायरमनला विचारलं, झाकलेलं पॅनेल वीज देईल का. तो म्हणाला, असं एखादं सापडलं तर मला दोन आणून द्या ताई, मीटरवाले घरी यायचे बंद होतील. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्याने खुर्ची पुढे केली.

दोन दिवसांनी पुन्हा गेले. निरीक्षकांच्या कचेरीत तासभर भांडून परवानगीची चिठ्ठी मिळवली होती, एकदा बघून घेण्यापुरती. आभाळ तसंच. मुकादमाने चिठ्ठी वाचली, किल्ली दिली आणि म्हणाला, बाराच्या आधी आटपा, मॅडम. नंतर आम्ही जेवायला जातो.

त्यांची जेवायची सुट्टी एकला होते. धाकटीचा डबा वर्षानुवर्षं त्या हिशेबाने आईने भरलाय.

मी आतून दार लावलं. विजेरी लावून वायरी हाताने चाचपत गेले, चिमट्यापासून बोर्डापर्यंत. कुठेही जोड नव्हता. मुख्य लाईनच्या तारा भिंतीतून बाहेर कापलेल्या, टोकांना पट्टी. माईकची वायर सॉकेटमधून निघून दुसऱ्या टोकाला मोकळीच. खिडकीच्या पत्र्याच्या फटींत मी घरून आणलेल्या चिंध्या कोंबल्या. दाराखाली माझी शाल घातली. पॅनेलवर ताडपत्रीवरून आणखी दोन चादरी टाकल्या. मग विजेरी बंद केली. स्वतःचा हात डोळ्यांपुढे धरला, दिसला नाही.

मोबाईल टेबलावर उभा करून चित्रीकरण सुरू केलं. बारा वाजून वीस मिनिटांनी बटण दाबलं.

बल्ब लागला.

७

वीस मिनिटं काही झालं नाही. त्या उजेडात तिच्या खुर्चीवर बसून मी तिच्या टेबलाकडे बघत राहिले. लाकडावर पेन्सिलने आकड्यांच्या बेरजा. एका कोपऱ्यात आईच्या गोळ्यांची नावं, वेळ घालून. बल्ब जराही हलत नव्हता. बाहेर मळभ होतं, आणि इथे एका निरभ्र दुपारचा उजेड माझ्या हातांवर पडत होता.

बारा चाळीसला तो एकदम खाली आला.

विझला नाही. तीनातला एक भाग उरावा तसा झाला, तांबूस. पॅनेलवर काहीतरी मोठं आडवं पडावं तसा. हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. सावली पडली की मंदावतो, तिनेच दाखवलं होतं.

मी मनाशी म्हटलं, ठीक आहे. झालं. जागीच.

आणि उजेड हलला.

थोडा वाढला, पुन्हा उतरला. पुन्हा वाढला. झोपेत कूस बदलणाऱ्या माणसाखालची चादर हलते तसं. जे पडलं होतं ते उठायचा प्रयत्न करत होतं. दोन मिनिटं, अडीच मिनिटं. एकदा बल्ब जवळजवळ पूर्ण लागला. माझ्या तोंडून 'ऊठ' निघालं. आणि धप्प होऊन पुन्हा तांबूस.

माझं डोकं अजून काम करत होतं. ते सांगत होतं, वायरीत ढिलेपणा असेल, उष्णतेने चिमटा सरकत असेल. मी उठून चिमट्यांवरून हात फिरवला. घट्ट होते. ताडपत्रीला हात लावला. एवढ्या कोंदट खोलीत, चादरींखाली, ती उन्हात तापलेल्या पत्र्यासारखी गरम होती. हात मागे घेतला.

बारा पंचेचाळीस. बल्ब दोनदा झटपट मंदावला, मग एकदा लांब.

मी उभीच राहिले.

पुन्हा. दोनदा झटपट, एकदा लांब.

ती उठू शकत नव्हती. आवाज निघत नसेल, किंवा निघत असेल आणि पुढच्या अंगणात नवजीवन चालू असेल. पण एक हात हलत होता. आणि तिला ठाऊक होतं की त्या काचेवर हात हलवला की भिंतीपलीकडे खोलीत बल्ब हलतो. ती खोलीकडे खुणा करत होती. तिथे कोणीतरी असेल, कोणीतरी बघेल.

मी बल्बाजवळ गेले, इतकी की काचेची धग नाकाला लागली. म्हटलं, "दिसतंय गं. मला दिसतंय."

दोनदा झटपट, एकदा लांब.

मी मोजलं. अकरा वेळा. पुढेपुढे दोन खुणांमधली वेळ वाढत गेली, लांब खूण जास्त लांब झाली. शेवटी दोनदा झटपट झालं आणि तिसरी, लांब सावली पडली ती उचललीच गेली नाही. मोबाईलवर बारा बावन्न.

मग नुसता तो तांबूस उजेड. हलत नव्हता. मी जमिनीवर बसले, बोर्डाखाली, त्या वायरीच्या भेंडोळ्याशेजारी.

एक वाजून पाच मिनिटांनी बल्ब लख्ख झाला. भिंती, टेबल, मांडीवरचा माझा स्वतःचा पदर, सगळं पांढरंशुभ्र. काचेवरून तिला उचललं होतं.

८

मुकादम व्हरांड्याच्या कठड्यावर बसला होता. डबा शेजारी होता, उघडलेला नव्हता. मी काही बोलायच्या आत त्याने विचारलं, "बावन्नला थांबलं?"

मी म्हटलं, तुम्ही बघता हे?

पहिले दोन दिवस बघितलं, तो म्हणाला. बटण लावलेलं होतं, लोक आत डोकावायचे आणि पळायचे. मग मी बटण बंद करून टाकलं. काय करणार. बंद केलं की दिसत तरी नाही.

मी विचारलं, पहिल्या दिवशी, म्हणजे निरीक्षक येऊन गेल्यावर, बटण कोणी लावलं? अहवालात तर बंद लिहिलंय. तो म्हणाला, ते मीच, बघायला म्हणून, बोर्ड चालतो का.

"तिची ती खूण किती जणांना ठाऊक होती?"

"सगळ्यांना. हसायचो आम्ही. म्हणायचो, बाईंना काम नाही, बल्बाशी खेळतायत."

"त्या दिवशी खोलीत कोण होतं?"

"सगळे मांडवात होते, मॅडम."

मी त्याच्यावर आवाज चढवला नाही. आयुष्यात पहिल्यांदा, ज्याच्यावर चढवायला हवा होता अशा माणसावर. त्याने तो न उघडलेला डबा परत पिशवीत घातला.

मोबाईलमधलं चित्रीकरण घरी येऊन बघितलं. पाऊण तास काळोख. बल्ब नाही, उजेड नाही. माझा श्वास ऐकू येतो, आणि पंचवीस मिनिटांनी माझा आवाज, कोणाला तरी सांगणारा, की मला दिसतंय.

छापण्याजोगं त्यात काही नाही. हे मला संपादकाने सांगायला नको.

९

त्या दिवशी जेवायला उशीर झाला. आई माझ्यासाठी थांबली होती. मी वाढून घेतलं, समोर बसले. तिने घास उचलला.

"तिला कळलं तरी नसेल ना गं?"

बारा मिनिटं. अकरा खुणा. मी पाण्याचा पेला उचलला आणि परत ठेवला. म्हटलं, नाही आई. जागीच.

तिने माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग घास तोंडात घातला आणि सावकाश चावत राहिली. मीही जेवले. दोघींनीही ताट संपवलं.

ती झोपल्यावर मी अहवाल पुन्हा काढला. तो चुका दुरुस्त केलेला, लाल झालेला. तिसरं पान, वस्तूंची यादी. 'तपासणीच्या खोलीतला बोर्ड, बटण बंद.' ही ओळ मी किमान वीस वेळा वाचली असेल.

चिमटे पॅनेलला लावलेले असताना धाकटी ते बटण कधीच बंद ठेवत नसे. बंद ठेवलं तर तपासायचं काय?

मग समारंभाचं चित्रीकरण लावलं. या वेळी वेळेकडे बघत. माईक बंद पडतो तो बारा शेहेचाळीसला. पाहुणे हात पसरतात, आता आवाज नसल्यामुळे विनोद ऐकू येत नाही, फक्त पुढच्या रांगा हसताना दिसतात. कॅमेरा त्यांच्याचकडे वळलेला. मागच्या रांगा चित्रात नाहीत. बारा अठ्ठेचाळीसला माईक किंचाळतो आणि सुरू होतो.

माईकची वायर तपासणीच्या खोलीतल्या बोर्डात होती, खालच्या सॉकेटमध्ये. सैल झालेली पिन पुन्हा खोचायला कोणालातरी तिथे यावं लागतं, बल्बापासून वीतभर अंतरावर वाकावं लागतं. त्या वेळी तो बल्ब खुणा करत होता. दोनदा झटपट, एकदा लांब. चौथी, पाचवी, कदाचित सहावी.

मी हे सगळं लेखी विचारलं आहे. कारखान्याला, निरीक्षकांना, पोलिसांना. मांडवात चौतीस माणसं होती. चौतीस जबाब आहेत, मी सगळे वाचले. चौतीसही जणांनी सहीनिशी लिहून दिलंय की कार्यक्रम संपेपर्यंत आपण खुर्चीवरून उठलो नाही, आणि माईक आपोआप सुरू झाला.